९५ टक्के अचूक, म्हणजे नक्की काय?

छातीचे एक्स-रे पाहून आजार ओळखणाऱ्या एआयवरच्या लेखात ‘९५ टक्के अचूकता म्हणजे विश्वासार्ह एआय’ असं म्हटलंय, ते पटलं नाही. संवेदनशीलता (रुग्णांपैकी किती जण बरोबर सापडतात) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती जण बरोबर निरोगी ठरतात) दोन्ही ९५ टक्के धरा, आजार १०० त एकाला. १०,००० एक्स-रेंत १०० पैकी ९५ रुग्ण सापडतील, पण ९,९०० निरोगींपैकी ४९५ जणांवरही बोट ठेवलं जाईल. म्हणजे सहापैकी पाच इशारे खोटे!

शिवाय मॉडेल पाहतंय काय? न्यूमोथोरॅक्सच्या (फुफ्फुसाभोवती हवा साठून ते आकसतं तो आजार) बऱ्याच फिल्मवर छातीत उपचाराची नळी आधीच घातलेली असते. मॉडेल ती नळीच ओळखायला शिकू शकतं आणि नळी नसलेला, म्हणजे अजून उपचार न झालेला, खरा तातडीचा रुग्ण निसटू शकतो. नळी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांचे निकाल वेगळे काढा, तेही दुसऱ्या रुग्णालयाच्या प्रतिमांवर. (एकाच रुग्णाच्या फिल्म प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हीकडे गेल्या असतील, तर आकडा मुळातच फुगलेला.)