बोटुकली सोडली की तलावातले मासे परत येतात? नाही येत!

बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. सध्या एक मेसेज फिरतोय, "गावतळ्यातले मासे संपले तर सर्व्हे आणि संशोधनावर पैसे कशाला उधळायचे, गाळ काढा, कटला-रोहूची बोटुकली सोडा, दोन वर्षांत तळं भरेल." लोक पटकन पुढे पाठवतायत, पण भंडारा-गोंदियाकडच्या ढिवर मासेमारांचं पोट ह्या तळ्यांवर आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बोटुकली सोडा." अहो, कटला, रोहू, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे, साठलेल्या तळ्यात ते वाढतात पण त्यांची वीण होत नाही. 1957 ला हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून हॅचरीत तयार केलेलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळायला लागलं. पण ते दरवर्षी विकत आणावं लागतं, मच्छीमार सोसायटीकडे पैसे नसले की तळं रिकामं. ह्याला उत्पादन म्हणा, माझी हरकत नाही, पण मासे परत आणले असं म्हणू नका.

"गावठी मासे म्हणजे कचरा." मेसेजमधलं हे वाचून खरंच राग आला. मरळ, शिंगी, मांगूर बाजारात काय भावाने जातात ते जरा विचारून बघा, आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून गरिबाच्या घरात कॅल्शियम जातं. शिवाय ह्यांचं बीज विकत आणावं लागत नाही. मरळ काठच्या उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून जागा करते, अंडी वर तरंगतात, मग नर-मादी राखण करत बसतात, आणि पिल्लांचा लालसर थवा सारखा वर-खाली होत राहतो. हे सगळं काठाला पाणवनस्पती असेल तरच.

म्हणूनच "गाळ काढा की झालं" हेही अर्धवट. गाळ काढायलाच हवा, पण जेसीबीने सरसकट खोल खणून काठ उभे केले की उथळ पाणी जातं, गाळातले कंद जातात, आणि उरलेल्या जागेत बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजते. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने उलट्या बाजूने सुरुवात केली, जुन्या ढिवरांना विचारलं की कुठला मासा कुठल्या वनस्पतीत राहतो, मग बेशरम उपटली, तळ्याची जमीन नांगरली, हायड्रिलासारख्या देशी वनस्पती लावल्या आणि मासळीच्या नोंदी ठेवल्या. संशोधन म्हणजे हेच की! बायकांनी चिखलात उभं राहून केलेलं.

आणि अभ्यास न करता मासे सोडले तर काय होतं ते कावेरीत दिसलंय. लोणावळ्याच्या हॅचरीने दख्खनी महसीर ह्या मोठ्या नदीतल्या माशाची पैदास केली, काम मोठंच होतं, पण ते बीज 1970 च्या दशकापासून कावेरीतही सोडलं गेलं आणि तिथला स्वतःचा कुबडा महसीर मागे पडत गेला, 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. देशी मासासुद्धा चुकीच्या पाण्यात परकाच ठरतो.

राहिला पैशाचा प्रश्न. केंद्राची मत्स्य संपदा योजना 2020 ला 20,050 कोटींची जाहीर झाली, म्हणजे पैसा नाही असं नाही. पूर्व विदर्भात हजारो मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत, निदान प्रत्येक तालुक्यातल्या काही तळ्यांत आज कुठले मासे उरलेत ह्याची यादी करा, बेशरम काढणं आणि वनस्पती लावणं रोजगार हमीत घ्या, मजुरी ढिवर बायकांना द्या, आणि बीजाच्या खर्चासोबत हा खर्चही सोसायटीच्या आराखड्यात धरा.