चार पेनींची खाट

आज एका परिचितांनी लंडनमधील ‘रिपर वॉक’चे, म्हणजे १८८८ मध्ये बायकांचे खून पाडणाऱ्या ‘जॅक द रिपर’च्या गल्ल्यांतून काढलेल्या सहलीचे, फोटो टाकले आहेत: अंधारी गल्ली, हसरे चेहरे आणि वर ‘मस्त थरार!’ सकाळपासून माझे डोके ठणकते आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याच गल्ल्यांतून मी आईला घेऊन हिंडले होते. गाइड रंगवून सांगत होता आणि मी आईला मराठीत समजावत होते. ३१ ऑगस्ट १८८८ रोजी पहाटे बक्स रो येथे मेरी ॲन निकल्सचा मृतदेह सापडला, ती वेश्या होती, एवढे मी सांगताच आई म्हणाली, “अगं, पण एवढ्या रात्री तिला घर नव्हतं का?”

नव्हते. थ्रॉल स्ट्रीटवरील लॉजिंग हाउसमध्ये रात्रीच्या खाटेला चार पेनी पडत आणि तेवढे जवळ नसल्यामुळे तिला बाहेर काढण्यात आले होते. आठवड्याभराने मारल्या गेलेल्या, क्रोशाचे विणकाम आणि फुले विकणाऱ्या ॲनी चॅपमनचीही हीच गत. निकल्सच्या नवऱ्याने तर ती वाईट चालीची असल्याचे दाखवून तिची आठवड्याची पाच शिलिंगांची पोटगी १८८२ मध्येच बंद केली होती. म्हणजे आधी चारित्र्यावर शिक्का, मग डोक्यावरचे छप्पर काढून घ्यायचे, आणि वर विचारायचे की बाई रात्री रस्त्यावर कशाला होती!

खुनांच्या आदल्याच वर्षी, जून १८८७ मध्ये, एलिझाबेथ कॅस या शिवणकाम करणाऱ्या तरुणीला रीजंट स्ट्रीटवर रात्री एकटी चालताना पोलिसाने वेश्या ठरवून पकडले होते. संसदेत गदारोळ उठला आणि जी बाई स्वतः तसे सांगत नाही किंवा जिला तशी शिक्षा झालेली नाही, तिला पोलिसांनी वेश्या म्हणू नये, असा आदेश लंडनचे पोलिस आयुक्त वॉरन यांना काढावा लागला. व्हिक्टोरियन पोलिसांवर होते तेवढेही बंधन आजच्या गाइडवर नसावे?

रिपरची आणखी एक बळी मेरी केली त्याच व्यवसायात होती आणि निकल्सही अडचणीत कधी तो मार्ग धरत असेल, हे मान्य. मग काय झाले?

रागाच्या भरात लिहिते आहे खरी, पण त्या दिवशी ‘वेश्या’ हा शब्द आईपुढे मीच उच्चारला होता, आणि नावानंतर लगेच. गाइडने पुढच्या गल्लीकडे हात केला, मंडळी निघाली; आई मात्र तेथेच थबकली. “तिला मुलंबाळं होती का गं?”

मला ठाऊक नव्हते. पाच होती, हे मी घरी परतल्यावर वाचले.