कैलासाचं सोन्याचं नाणं म्हणजे देशाचं चलन नव्हे

स्वयंघोषित गुरू नित्यानंद यांनी स्वतःच देश म्हणून जाहीर केलेल्या ‘कैलासा’बद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो. त्याचा आशय असा: कैलासाची स्वतःची रिझर्व्ह बँक आहे, सोन्याचा डॉलर आहे, संयुक्त राष्ट्रांत प्रतिनिधी बसतात, म्हणजे तो खरा देश आहे आणि त्याचं चलन रुपयापेक्षा भक्कम आहे. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘बँक आणि नाणी आहेत, म्हणजे देश आहे.’ २२ ऑगस्ट २०२० रोजी, गणेश चतुर्थीला, या दोन्हींची घोषणा झाली, हे खरं. पण ठसा कोणीही पाडून घेऊ शकतो. देश कशाला म्हणावं याचे निकष १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. चलनाचा त्यात उल्लेखच नाही. इक्वाडोरने २००० साली स्वतःचं चलन सोडून अमेरिकी डॉलर घेतला, तरी तो देशच राहिला. उलट सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडचा शिलिंग १९९४पासून तिथल्या बाजारात चालतो, पण संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व सोमालीलँडला मिळालेलं नाही. कैलासाकडे तर भूभागच नाही. इक्वाडोरने बेट मिळवून दिल्याच्या बातम्या त्या देशाने २०१९मध्येच फेटाळल्या होत्या.

‘संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली.’ नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये जिनिव्हातल्या ज्या चर्चेचे फोटो पसरले, ती सर्वांसाठी खुली होती. कैलासाचं म्हणणं विचारात घेतलं जाणार नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर स्पष्ट केलं. सदस्यत्वासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस आणि आमसभेत दोन तृतीयांश मतं लागतात.

‘सोन्याचं आहे, म्हणून भक्कम आहे.’ सर्वात जास्त लोक फसतात ते इथे. एक कैलासा डॉलर म्हणजे ११.६६ ग्रॅम सोनं, असं सांगितलं गेलं. हा जुना तोळा. आजचा सराफ बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो, त्यामुळे ‘एक तोळ्याचं नाणं’ एवढ्यावर व्यवहार ठरला तर १.६६ ग्रॅमचा घोळ होऊ शकतो. नाणं विकायला गेलात की सराफ वजन करतो, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता तपासतो आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. वर कोणाची मुद्रा आहे याचे तो एक रुपयाही जास्त देत नाही. म्हणजे भक्कमपणा असलाच तर तो सोन्याचा. छापणाऱ्याने त्यात काही भर घातलेली नाही. आपली रिझर्व्ह बँक स्वतःची देणी आणि मालमत्ता दर आठवड्याला जाहीर करते. ‘रिझर्व्ह बँक’ हे नाव घेणाऱ्याकडे निदान तेवढा हिशेब मागायलाच हवा.

नुसत्या ठशावर विश्वास ठेवला की काय होतं, हे पोयेसने दाखवलं आहे. १८२२च्या सुमारास ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश सेनानीने मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर ‘पोयेस’ नावाचा देश असल्याचं सांगितलं, लंडनमध्ये २ लाख पौंडांचे रोखे विकायला काढले आणि ‘बँक ऑफ पोयेस’च्या एक डॉलरच्या नोटा स्कॉटलंडमध्ये सुबक छापून घेतल्या. वसाहतीला निघालेल्यांनी खरे पौंड देऊन त्या घेतल्या. किनाऱ्यावर उतरल्यावर ना राजधानी दिसली ना बँक. सुमारे २५० जणांपैकी बहुतेक जण तापाने आणि उपासमारीने दगावले.

कोणी असं चलन देऊ केलं तर आधी आयएसओ ४२१७ ही चलनांची आंतरराष्ट्रीय यादी पाहा. तिथे चलनाला तीन अक्षरी संकेत आणि तीन अंकी क्रमांक असतो. रुपयाचा आयएनआर, ३५६. मग आपल्या बँकेत विचारा की हे खात्यात जमा होईल का. आणि भारतात धातूचे असे तुकडे पैसे म्हणून चालवण्यावर २०११च्या नाणे कायद्यात बंदी आहे. त्यामुळे हाती आलेलं नाणं दुकानात ‘चालवून पाहू’ नका. सोनं असेल तर सराफाकडे न्या आणि सोनं म्हणूनच मोजून घ्या.