काका, रविवार हे पगारदारांचे चोचले नव्हेत

काका (वय ६८ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते),

सोमवारच्या कामाच्या धास्तीने रविवारी संध्याकाळी पोटात येणाऱ्या गोळ्यावर मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: ‘हे पगारदारांचे चोचले. दर्यावर जाणाऱ्याला कसला रविवार नि कसला सोमवार? पंख्याखाली बसायची भीती वाटत असेल तर एकदा रत्नागिरीला दाखवून या.’ पहिल्या दिवशी रागच आला, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तर निम्मं पटलं.

आधी न पटलेलं सांगते. रविवारची सुट्टी खुर्चीवाल्यांनी मिळवलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांनी लावून धरल्यामुळे १० जून १८९० ला गिरणीवाल्यांना रविवार मिळाला. त्या गिरण्यांमध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती, ते तुम्हाला मी काय सांगणार? चोचले म्हणायचे तर आपल्याच खापरपणजोबांचे म्हणा.

दुसरं म्हणजे, मी हर्णै बंदरातली, तांडेलाची (मच्छीमार बोटीच्या म्होरक्याची) मुलगी. पावसाळ्यातली मासेमारी बंदी (हल्ली १ जून ते ३१ जुलै) संपत आली की बाबांचं जेवण कमी व्हायचं. उगाच आमच्यावर खेकसायचे. त्याला कुणी काही नाव दिलं नाही, पण तो गोळाच होता. मग बोटीवर खेपा सुरू. जाळं, इंजिनाचं ऑइल, डिझेल, बर्फ, तांदूळ, मसाला, काडेपेटीसुद्धा. सगळं तोंडाने बोलत मोजायचे. आई वैतागायची, ‘किती वेळा मोजाल?’ ते म्हणायचे, ‘मोजलं की झोप लागते.’

आता माझं पंख्याखालचं काम. दापोलीत एका पतसंस्थेत कर्जवसुली बघते. सोमवारी साडेदहाला मीटिंग, त्यात थकबाकीदारांची नावं मोठ्याने वाचतात. एकदा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ‘सगळे तुमच्याच गावातले ना? मग वसुली का नाही?’ खरंच आहे, गावातलेच आहेत. रविवारी संध्याकाळी बंदरावर लिलावाला जाते तेव्हा समोर तेच असतात. जिच्याकडून बांगडे घेते ती दोन जास्त टाकते, आणि सोमवारी मी तिच्याच घरी हप्त्यासाठी फोन लावते. काका, त्या दोन बांगड्यांचं काय करायचं, सांगा तुम्ही. माझा गोळा तिथून सुरू होतो. कष्टाची भीती नाही हो ती. दर्यात एकदा उतरलं की हाताला काम लागतं आणि भीती मागे पडते. माझ्या भीतीला सोमवार उजाडेपर्यंत हातच नसतात.

म्हणून बाबांचं मोजणं उचललं. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त आठवत राहतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढे करायची कामं लिहिली, काहींनी झालेली. पुढची लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले. बाबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मी शनिवारी निघतानाच लिहिते: सोमवारी पहिला फोन कुणाला, काय विचारायचं, साहेबांना काय उत्तर द्यायचं. गोळा जात नाही. चारला यायचा तो सातला येतो, इतकंच.

आणि रविवारी दुपारी मासे-भातावर आडवं होऊन पाचपर्यंत घोरलं, तर रात्री डोळा लागत नाही. त्याला चिंता म्हणू नये.

रत्नागिरीचं मात्र टोचलं. मनोरुग्णालयाच्या नावाने असला टोमणा आपल्याकडे सगळेच मारतात, मीही मारलाय. पण ज्याला रोज सकाळी मळमळतं, आठवडाभर झोप नाही, तो या टोमण्यापायीच डॉक्टरकडे जात नाही. सरकारची टेली-मानस म्हणून १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. मागच्या दिवाळीनंतर मी स्वतः फोन केला होता. घर लहान, म्हणून जेटीच्या मागे, जिथे जाळी सुकत घालतात तिथे उभं राहून. पलीकडची मुलगी वीसेक मिनिटं ऐकत होती.

आता पटलेलं. खलाशाला कामावर जायची भीती नसते, काम नसण्याची असते, हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. आणि ‘संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका मारा’ हे मी कुणासाठी लिहिलं, देव जाणे! रविवारी किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या असतात, आपली माणसं पाट्या उचलत असतात. ते वाक्य काढून टाकलंय.

बाबांना तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. रागावले नाहीत. ‘कुठल्या बंदरातला हाय तो?’ एवढंच विचारलं. कळवा.