पणजोबा सापडंनात!

आता डोकं फिरलंय! पणजोबांच्या नोंदीसाठी तिसरा रविवार घालवला. कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं, स्कॅन उघडलं, तर पान आडवं, आणि स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याची सावली नेमकी आडनावावर! शेकडो पानांची एकच फाईल, नाव टाकून शोधायची सोय नाही. मजकूर मोडीत आहे, मान्य. शिकीन की मोडी! पण फाईलीला निदान गावाचं नाव, साल तरी द्या! ‘स्कॅन ४७’ वरून कुणी काय ओळखायचं?

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचा कागद मागितला की हा टेबल त्या टेबलाकडं बोट दाखवतो. का? आमची माणसं तेव्हा नव्हती का?

हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग होऊन किती वर्षं झाली! आणि आमचे हेळवी? नंदीबैल घेऊन दारात यायचे, आजीपुढं सात पिढ्या धडाधडा म्हणायचे. आजी पदर सावरून ऐकायची, सासऱ्यांचं नाव आलं की डोळे पुसायची, मग सूपभर जोंधळे घालायची. त्यांच्या त्या चोपड्या कोण स्कॅन करणार? वाळवी लागल्यावर?