यिर्मयाचं खरेदीखत

बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मयाला 'रडका संदेष्टा' म्हणणाऱ्यांनी त्याच्या नावाच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय. शहर पडणार, शरण जा, असं यिर्मया उघड सांगतो, म्हणून यहूदाच्या सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, आपल्या अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे, पहिला हक्क तुझाच आहे. (भाऊबंदांना जमिनी विकायचा मुहूर्त बरोबर सापडतो!) आणि हा घेतो. देवाची तशी आज्ञाच होती. 17 शेकेल चांदी ताजव्यात तोलून देतो, म्हणजे साधारण 200 ग्रॅम. साक्षीदार बोलावतो, खतावर सही-शिक्का करतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. आपण सातबारासुद्धा इतक्या निगुतीने ठेवत नाही.

मग मात्र तो देवालाच विचारतो: शहर खाल्ड्यांच्या (म्हणजे बाबेलच्या लोकांच्या) हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? उत्तर मिळतं की या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील.

काही वर्षं आधी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने भर मंदिरात सांगितलं होतं की बाबेलने कैद करून नेलेले लोक परत येतील, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना हेच हवं होतं. यिर्मया आधी म्हणाला, आमेन, तसंच होवो. पण बाबेलला नेलेल्या लोकांना त्याने पत्र पाठवलं ते असं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. सत्तर वर्षं लागतील. हनन्याने आशा फुकट वाटली. यिर्मयाने पदरचे पैसे मोजले, तेही बायको-मुलं नसताना! ते शेत वारसाला जाणार नव्हतं. म्हणून मला यिर्मयाची आशा पटते, हनन्याची नाही.

याच माणसाला पुढे चिखलाच्या विहिरीत टाकलं. एबद-मलेख या राजवाड्यातल्या कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) सेवकाने काखेत चिंध्या घालायला लावून दोराने वर ओढलं, नाहीतर तिथेच संपला असता.

शहर पडलं, मंदिर जळलं, सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे झालं. तरी उरलेल्यांनी त्याचं ऐकलं का? मिसरला (इजिप्तला) जाऊ नका म्हणाला, तर त्यालाच सोबत घेऊन गेले. तिथेही त्याने मूर्तिपूजेवरून झापलं, तेव्हा लोकांनी तोंडावर सांगितलं, आम्ही तुझं ऐकणार नाही.