क्राकूफची ‘न बदललेली’ परंपरा आणि मामांचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. त्याआधी तोच आणखी दोन ग्रुपवर येऊन गेला होता, एकदा फुलांसकट आणि एकदा फुलांविना. मजकूर थोडक्यात असा: ‘पोलंडच्या क्राकूफ शहरात १२४१ पासून रोज तुतारी वाजते, कारण तातारांच्या बाणाने पडलेल्या तुतारीवाल्याला ते विसरलेले नाहीत. तातार सरदाराची मिरवणूक १२८७ पासून जशीच्या तशी. नाताळचे देखावे मध्ययुगापासून तेच. ख्रिस्तपूर्व सण आजही अखंड. त्यांच्या राजवाड्यात शिवाने टाकलेली शक्तिशिळा आहे, म्हणून हिटलरसुद्धा शहराचं काही बिघडवू शकला नाही. नाहीतर आपण!’

मामांना पोलंडचं कौतुक असणार, यात नवल नाही. त्यांच्या गावाशेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. तिथल्या गोष्टी ऐकतच मामांची पिढी वाढली. मलाही हे शहर आवडतं, आणि म्हणूनच हा फॉरवर्ड खुपला. ज्या माणसांनी या परंपरा घडवल्या, मोडल्यावर पुन्हा उभ्या केल्या, त्यांचं नावच त्यात नाही. सगळं श्रेय ‘आठशे वर्षां’ना.

तुतारीपासून सुरुवात करू. तुतारी वाजते हे खरं. मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चच्या ८० मीटरहून उंच मनोऱ्यातून दर तासाला अग्निशमन दलाचा माणूस ‘हेइनाऊ’ नावाची धून वाजवतो, रात्रीसुद्धा. एकदा राजासाठी वावेलच्या किल्ल्याकडे तोंड करून, मग महापौरासाठी, पाहुण्यांसाठी आणि अग्निशमन दलाच्या प्रमुखासाठी अशा चार दिशांना. सूर मध्येच तुटतो. बाण लागला म्हणून तुटतो, असं सांगतात.

पण आजचं चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातलं आहे. १२४१ ला तातार, म्हणजे मंगोल, आले तेव्हा हा मनोरा उभाच नव्हता. शहराच्या हिशेबात मनोऱ्यावरच्या तुतारीवाल्याचा उल्लेख सापडतो तो १३९२ चा. १२४१ च्या स्वारीचं वर्णन करणाऱ्या जुन्या इतिवृत्तांत बाण लागलेला तुतारीवाला कुठेच नाही. ‘हेइनाऊ’ हा शब्दही हंगेरियन, अर्थ ‘पहाट’. वेशीचे दरवाजे उघडल्या-मिटल्याची आणि आग लागल्याची वर्दी देणारा हा पहारेकरी. बाणाची गोष्ट जगभर पसरली ती एरिक केली या अमेरिकन लेखकाच्या मुलांसाठीच्या कादंबरीमुळे. ती १९२८ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. दुपारी बाराचा हेइनाऊ पोलिश रेडिओवर देशभर ऐकू येऊ लागला तो १९२७ पासून. म्हणजे फॉरवर्डमधली आठशे वर्षांची आठवण बरीचशी १९२० च्या दशकाची कमाई आहे.

यात कमीपणा काय? १८ मे १९४४ ला इटलीत मॉन्टे कॅसिनोचा उद्ध्वस्त मठ पोलिश सैन्याने घेतला, तेव्हा एमिल चेख या सैनिकाने त्या ढिगाऱ्यावर उभं राहून हाच हेइनाऊ वाजवला. ते सैन्य पोलिश जनरल अँडर्सचं. वळिवड्याला राहिलेल्या कित्येक बायकामुलांचे नातलग त्याच सैन्यात होते. मामा, फॉरवर्ड करायचाच असेल तर हा करा. याला तारीख आहे, जागा आहे, वाजवणाऱ्याचं नाव आहे.

‘तातार सरदाराची मिरवणूक १२८७ पासून जशीच्या तशी.’ हा लायकोनिक. कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणानंतर आठव्या दिवशी, गुरुवारी, झ्व्येझिन्येत्स या जुन्या उपनगरातून निघतो. टोकदार टोपी, मोठी दाढी, कमरेला लाकडी सांगाड्याचा घोडा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत पूर्वी घोडा नाचवायचे तो ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं वर्णन नको. सोबत ढोल आणि वाजंत्री. वाटेत दुकानदारांकडून खंडणी वसूल होते, आणि ज्याच्या खांद्याला लायकोनिकची गदा लागेल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणून लोक खांदे पुढे करून उभे असतात. शेवटी चौकात महापौर त्याला खंडणी देतात आणि त्याच्याबरोबर पेला उंचावतात.

गोष्ट अशी की व्हिस्वा नदीतून लाकडाचे तराफे आणणाऱ्या माणसांनी १२८७ साली तातारांची छावणी मारली आणि त्यांच्या सरदाराचे कपडे घालून शहरात आले. तराफेवाल्यांचा संघ खरा, त्यांचा सणाशी संबंधही खरा. पण तातारांवरच्या विजयाची ही कथा रुजवली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोन्स्तान्ती मायेरानोव्स्की या लेखक-संपादकाने. ‘जशाच्या तशा’ वेशाचं म्हणाल तर तो १९०४ चा, स्तानिस्वाव विस्प्यान्स्की या चित्रकार-नाटककाराने रेखाटलेला. शहराच्या इतिहासप्रेमींच्या संस्थेने त्याला तो रेखाटायला सांगितला होता. वजन ४० किलोच्या आसपास, आणि ते अंगावर घेऊन नाचत काही किलोमीटर जायचं. आपल्या काळातल्या पहिल्या फळीच्या कलावंताला शहर सांगतं, आमच्या गल्लीतल्या सोंगाचा वेश रेखाटून दे, आणि तो देतो. मला तातारांपेक्षा हे जास्त थोर वाटतं.

देखाव्यांच्या बाबतीत फॉरवर्ड सगळ्यात जास्त घसरतो. येशूच्या जन्माचे देखावे युरोपभर जुने आहेत, कबूल. पण क्राकूफचा ‘शॉपका’ ही वेगळीच चीज. गोठा-बिठा काही नाही. सेंट मेरीचे मनोरे, वावेलचा घुमट, किल्ल्याची वेस असं सगळं शहर एकत्र करून रंगीत चंदेरी-सोनेरी कागदात मढवलेला महाल, आणि बाळ येशू त्याच्या मधल्या मजल्यावर. चॉकलेटच्या चांद्या यासाठी वर्षभर जपून ठेवतात. हे बनवणारे मूळचे गवंडी आणि बांधकामावरचे कारागीर. हिवाळ्यात बांधकाम बंद, हाताला काम नाही, मग शहराबाहेरच्या वस्त्यांतली ही माणसं शॉपका बनवून घरोघर फिरायची, बाहुल्यांचा खेळ करायची आणि चार पैसे मिळवायची. मिखाऊ एझेनेकिएर हा असाच एक गवंडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा त्याचा शॉपका पुढच्यांसाठी नमुना ठरला.

मग ही प्रथा मरू लागली. पहिल्या महायुद्धानंतर दारोदार जाऊन पैसे मिळेनात. १९३७ च्या डिसेंबरात येझी डोबझित्स्की या शहराच्या अधिकाऱ्याने चौकातल्या कवी मित्स्क्येविचच्या पुतळ्यापाशी शॉपक्यांची स्पर्धा भरवली. प्रथा वाचली ती या युक्तीने. जर्मनांच्या ताब्यात शहर गेल्यावर स्पर्धा बंद पडली, १९४० साली पुतळाही त्यांनी पाडला. १९४५ च्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा पुतळा तिथे नव्हता. तो परत उभा राहिला १९५५ ला. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत पोलंडचं पहिलं नाव २०१८ साली याच शॉपक्याचं लागलं. आज ही स्पर्धा शहराचं संग्रहालय भरवतं. ‘मध्ययुगापासून तेच’ म्हटलं की या गवंड्यांचा रिकामा हिवाळा आणि डोबझित्स्कीची युक्ती, दोन्ही खोडून टाकल्यासारखं होतं.

‘ख्रिस्तपूर्व सण आजही अखंड.’ हा बहुधा रेंकाव्का. ईस्टरनंतरच्या मंगळवारी क्राकुसच्या टेकाडावर होतो. दंतकथेतल्या क्राकुस राजाच्या थडग्यावर प्रजेने बाह्यांतून माती आणून हे टेकाड रचलं, असं सांगतात, कारण ‘रेंकाव’ म्हणजे बाही. १९३० च्या दशकात तिथे मोठं उत्खनन झालं. राजाची कबर निघाली नाही. वरून अंडी, फळं, पाव, नाणी खाली गडगडत सोडायची आणि खालच्या गरिबांनी ती वेचायची, ही चाल मात्र खरोखर जुनी, आणि ती पितरांसाठीच्या अन्नदानातून आली असं मानायला जागा आहे. पण आज फोटोत दिसतात ते ढाल-तलवारवाले स्लाव्ह योद्धे या शतकाच्या सुरुवातीला आलेले हौशी लोक. ‘अखंड’ शब्द इथे बसत नाही. ड्रॅगनची भव्य मिरवणूकही अशीच, २००१ पासूनची, एका कठपुतळी नाट्यगृहाने सुरू केलेली.

आता शिळा. वावेलच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात, सेंट गेरेऑनच्या जुन्या चर्चच्या अवशेषांपाशी, शिवाने पृथ्वीवर टाकलेल्या सात शिळांपैकी एक आहे, अशी वदंता क्राकूफमध्ये खरंच आहे. लोक तिथल्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. राजवाड्याच्या व्यवस्थापनाला ते आवडत नाही. ही वदंता दोन महायुद्धांच्या मधली, थिऑसॉफी या गूढवादी चळवळीच्या वातावरणातली. आपल्या कुठल्याही पुराणात क्राकूफ नाही. म्हणजे युरोपीय हौसेतून निघालेली गोष्ट आपणच आपला पुरावा म्हणून परत आणली.

पण या मुद्द्यावर हसून पुढे जाता येत नाही, कारण शेवटी ते ‘हिटलरही काही बिघडवू शकला नाही’ आहे. इमारती बऱ्याचशा वाचल्या, हे खरं. पण त्याच वावेलमध्ये, त्या शिळेच्या हाकेच्या अंतरावर, हिटलरचा गव्हर्नर हान्स फ्रांक राहायला होता. ६ नोव्हेंबर १९३९ ला विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली बोलावून अटक झाली आणि बहुतेकांना छळछावणीत धाडलं. युद्धाआधी शहरातला दर चौथा माणूस ज्यू होता. मार्च १९४१ मध्ये त्यांना नदीपलीकडच्या गेटोत, म्हणजे भिंतींनी बंद केलेल्या वस्तीत, कोंडलं, मार्च १९४३ मध्ये गेटो रिकामा केला. काझिम्येश या त्यांच्या जुन्या वस्तीत सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, उरले, माणसं उरली नाहीत.

१९८८ पासून तिथे ज्यू संस्कृती महोत्सव भरतो. सुरू करणारे यानुश माकुख आणि क्षिश्तोफ गेरात, दोघेही ज्यू नव्हेत. शेरोका रस्त्यावरच्या महोत्सवाच्या मोकळ्या मैफिलीला हजारो माणसं उभी राहिली आहेत. शहराच्या वार्षिक उत्सवांपैकी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा, आणि तो फॉरवर्डमध्ये नाही. असता तर ‘काही बिघडलं नाही’ हे वाक्य लिहिता आलं नसतं.

जुनं काहीच नाही असं मात्र नव्हे. संत स्तानिस्वावची वावेलहून स्काउकाच्या चर्चपर्यंतची मे महिन्यातली मिरवणूक शतकानुशतकांची आहे. नेमबाजांच्या संघाचं मानचिन्ह असलेला चांदीचा कोंबडा १५६५ चा आहे. जे जुनं आहे त्याचे कागद आहेत. बाकीच्यांना उगाच वय कशाला चिकटवायचं?

‘नाहीतर आपण!’ला उत्तर द्यायचं मी टाळणार होतो. एवढंच मामांना लिहिलं की आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ च्या सुमारास उभा राहिला, म्हणजे लायकोनिकच्या आजच्या वेशाहून थोडा मोठा. मामांनी अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी विचारलं, जायचं झालं तर केव्हा जावं? डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी, मामा. सकाळी मित्स्क्येविचच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर शॉपके मांडलेले असतात, आणि बाराला वरून हेइनाऊ वाजतो. कानटोपी न्या.